रिकाम्या गावाचं पाणी

ही गोष्ट कसबा वाघजळची. निजामाचा अंमल होता, फसली तेराशे पंचेचाळीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे पस्तीस साल चालू होतं, आणि मार्गशीर्षातल्या थंडीत गुरुपाद रोजच्यासारखा खांद्यावर दाताळं टाकून हौदांकडे निघाला होता.

वाघजळच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या अलीकडे, तीन हौद होते. चार वर्षांपूर्वी सरकारी लोकल फंडाच्या पैशातून बांधलेले. गावातल्या सगळ्या मोऱ्यांचं पाणी, म्हणजे आंघोळीचं, भांड्यांचं, धुण्याचं, गल्लीबोळांतून मोठ्या नालीला मिळायचं आणि मोठी नाली वेशीखालून निघून या हौदांपाशी संपायची. तिच्या तोंडाला लोखंडी जाळी होती, तिच्यात केरकचरा अडायचा. पहिल्या हौदात पाणी नुसतं थांबायचं, गाळ तळाला बसायचा. दुसऱ्यात फोडलेले दगड आणि विटांचे तुकडे भरले होते, त्यांतून ते दिवसभर झिरपायचं. तिसऱ्या हौदात उतरेपर्यंत त्यात आभाळ दिसायला लागायचं. मग पाटानं ते वैरणीच्या कडवळाच्या रानात जायचं. गावातली माणसं त्या जागेला पाणी धुवायचा कारखाना म्हणायची आणि हसायची.

गुरुपाद त्या कारखान्याचा राखणदार. त्याचा चुलतभाऊ मन्मथअप्पा पेठेत किराणा दुकान चालवायचा. तो म्हणायचा, "लिंगवंताच्या पोरानं लोकांच्या मोरीचं पाणी राखत बसावं का?" गुरुपाद दाताळं उचलून कामाला निघायचा. खरं म्हणजे त्याला ते काम आवडायचं. चार वर्षांत तो पाणी वाचायला शिकला होता. रंगारी गल्लीतून निळसर पाणी यायचं. तेल्याच्या घरचं पाणी वर तवंग घेऊन यायचं. कुणाच्या घरी लग्न निघालं की जाळीवर हळद चढायची. आणि सोमवारी सकाळी शिकेकाईचा आणि संत्र्याच्या सालीचा वास येऊन गेला की तो दाताळं थांबवून घटकाभर उभा राहायचा. शिकेकाईत वाळवलेली संत्र्याची साल कुटून घालायची सवय गावात एकाच बाईला होती. ती त्याची बायको, नीलम्मा.

त्या साली कार्तिकात गावात उंदीर मरून पडायला लागले. पहिल्या आठ दिवसांतच नीलम्माच्या काखेत गाठ आली आणि तिसऱ्या दिवशी ती गेली. तिला हिरव्या इरकली लुगड्यात गुंडाळून, लिंगवंतांच्या रीतीनं जमिनीत बसती समाधी दिली. तिच्या मागोमाग रंगारी गेला, तेल्याची दोन पोरं गेली, शाळेचे विष्णुपंत मास्तर गेले. मग दवंडी पिटली आणि सगळं गाव घरांना कुलपं घालून वरच्या माळावर झोपड्यांत राहायला गेलं. वेशीत एक जवान बसवला. त्याचं नाव किशनराव. कुणालाही आत सोडायचं नाही, असा तहसिलीचा हुकूम होता. गुरुपादला मात्र वेगळा हुकूम होता. गाव रिकामं आहे, नाल्या कोरड्या आहेत, तर तेवढ्यात तिन्ही हौदांतला गाळ काढून आतून चुना मारून घ्यायचा.

म्हणून तो रोज माळावरून उतरून हौदांवर यायचा. झोपडीत त्याची म्हातारी आई मल्लम्मा आणि सात वर्षांची मुलगी चन्नी असायची. चन्नीचं पाळण्यातलं नाव चन्नबसम्मा, पण एवढं लांब नाव घेऊन तिला कुणी हाक मारत नसे. आई गेल्यापासून पोरगी रडली नव्हती. नुसती बसून राहायची.

गुरुपादनं आधी तिन्ही हौद उपसले, तळ खरवडला. चौथ्या दिवशी सकाळी तो चुन्याची बादली घेऊन आला आणि थबकला. कोरड्या नालीतून बोटभर रुंदीची पाण्याची धार येत होती.

कुठं रांजण फुटला असेल, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी धार मनगटाएवढी झाली. तिसऱ्या दिवशी तिच्यावर राख आणि भाताची दोन शितं तरंगत आली. त्यानं वाकून पाण्यात हात घातला.

पाणी कोमट होतं.

तो तसाच वेशीपाशी गेला. किशनराव शेकोटीपाशी शेकत बसला होता.

"किशनराव, आत कोण सोडलंय तुमी?"

"कुणी न्हाई, अप्पा. मांजर बी न्हाई आत."

"नालीला पाणी यायलंय. गरम पाणी."

किशनरावनं शेकोटीतली काटकी आत सारली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सकाळच्या पारी आतून भांड्यांचा आवाज येतो. घागर ठेवल्यासारखा… मी तिकडं बघत न्हाई. तुमीबी बघू नका."

पाणी मात्र वाढत गेलं. आधी पहाटेचं, मग उन्हं वर आल्यावरचं, मग दुपारचं धुण्याचं. झोपेतून माणूस हळूहळू जागं व्हावं तसं ते गाव त्या नालीतून जागं होत होतं. थंडीत नालीवर वाफ धरायची आणि सकाळच्या उन्हात ती वाफ दुधासारखी दिसायची. एक दिवस पाणी निळसर आलं. दुसऱ्या दिवशी त्यावर तेलाचा तवंग होता. मग मास्तरांच्या घरचं गंधाचं पाणी आलं. गुरुपाद जाळीपाशी उकिडवा बसून बघत राहिला. ज्या ज्या घरातलं माणूस गाठीनं गेलं होतं, त्या त्या घरची मोरी वाहत होती. जी घरं सगळीच्या सगळी माळावर आली होती, त्यांचं पाणी नव्हतं.

हे त्याला कळलं आणि तरी त्याला भीती वाटली नाही. याचंच त्याला नंतर जन्मभर नवल वाटत राहिलं. त्या कोमट पाण्यात हात बुडवून बसलं की अंगात एक सुस्ती चढायची. भूक लागायची नाही. तो दिवस मोजू लागला होता.

सोमवार आला.

ऊन नुकतंच कडवळावर उतरलं होतं. आधी शिकेकाईचा वास आला, मग त्यातून संत्र्याच्या सालीचा. पाण्यावर तपकिरी फेस होता, फुटत फुटत जाळीला लागत होता. गुरुपादनं दाताळं भिंतीला टेकवलं आणि तो नालीच्या काठानं वर चालायला लागला.

वेशीत किशनरावनं त्याच्याकडे पाहिलं. "नाली बघून येतो," गुरुपाद म्हणाला. सरकारी काम. किशनरावनं वाट दिली, पण मान वळवून बसला.

गाव होतं तसंच होतं. दारांना कुलपं, उंबऱ्यांवर धूळ, पारावर वाळलेली पानं. कुठं कुत्रं नाही, चिमणी नाही. तरी गल्लीतल्या प्रत्येक तिसऱ्या-चौथ्या घराच्या मोरीतून पाणी येत होतं, आणि त्याचा खळखळ आवाज सगळ्या गावावर पसरला होता. पाऊस थांबल्यावर वळचणी गळत राहतात तसा. भिंतीपलीकडून मधूनच पाट सरकवल्याचा आवाज येई. मधूनच तांब्या घंगाळावर टेकल्याचा. माणसाचा आवाज कुठंच नव्हता. गुरुपाद त्या आवाजातून चालत राहिला, आणि त्याला वाटलं की आपण सकाळचं काम आटोपून जेवायला घरी निघालो आहोत, इतकंच.

त्यानं स्वतः लावलेलं कुलूप कडीला उघडं लोंबत होतं.

आत चूल पेटलेली नव्हती, पण घर उबदार होतं. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मोरी, तिच्यापुढं कमरेइतकी आडभिंत. भिंतीपलीकडून वाफ वर येत होती आणि भिंतीवर हिरवं लुगडं टाकलेलं होतं.

"आलात का?" नीलम्माचा आवाज आला. थकलेला, पण तिचाच.

"आलो."

"उशीर केलात. मी किती दिस पानी तापवायले."

 गुरुपाद उभा होता तिथंच उभा राहिला. आडभिंतीपलीकडं डोकावून बघावं असं त्याच्या मनातही आलं नाही.

"चन्नी कुटं हाय?"

"माळावर. आईपाशी."

"तिचं डोकं धुतलं का कुणी?"

"न्हाई."

"जटा झाल्या असतील…" पाणी ओतल्याचा आवाज झाला. "सासूबाईंच्यानं होत न्हाई ते. तिला घेऊन या. शिकेकाई भिजवलेली हाय."

"आणतो," गुरुपाद म्हणाला.

एवढंच बोलणं झालं. तो परत निघाला. गल्ल्या, वेस, माळाची चढण कधी मागं पडली ते त्याला कळलं नाही.

मल्लम्मा झोपडीपुढं तीन दगडांच्या चुलीवर भाकरी करत होती. गुरुपादनं चन्नीचा हात धरला. पोरगी उठून उभी राहिली.

"कुटं नेतोस तिला?" मल्लम्मानं विचारलं.

"डोकं धुवायला."

"कोण धुणाराय?"

"तिची आई," गुरुपाद म्हणाला. शेजारच्या घरी जातो म्हणावं, इतक्या सरळपणानं.

मल्लम्माचा हात भाकरीवरच राहिला. तिनं मुलाच्या तोंडाकडे पाहिलं. ते तोंड शांत होतं, ओठांवर थोडं हसू होतं, आणि डोळे झोपेतल्या माणसासारखे होते. ती काही बोलायच्या आत दोघं उताराला लागलेही होते. म्हातारीचे गुडघे गेलेले, काठीशिवाय तिला चालवत नसे. तव्यावरची भाकरी तशीच टाकून ती काठी शोधायला लागली.

वेशीत या वेळी किशनराव आडवा आला. "पोरीला कशाला, अप्पा?"

गुरुपाद चालतच राहिला. त्याच्या तोंडाकडे पाहून जवानाचा हात आपोआप खाली आला.

गावात शिरल्यावर चन्नी पहिल्यांदा बोलली. "अप्पा, आपण घरी जायलोत का?"

"हो."

"आई हाय घरी?"

"हाय."

पोरगी भरभर चालायला लागली. गल्लीत तिनं त्याचा हात सोडला आणि पुढं पळाली. दार उघडंच होतं. ती उंबऱ्यावर पोहोचली, आणि तिथंच थांबली.

गुरुपाद मागून आला. "जा की आत."

चन्नी हलली नाही. ती आत मोरीकडे बघत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, हिरमोड होता. आपल्या आधी दुसऱ्याच कुणाला तरी जवळ घेतलेलं पाहून लहान पोरीचा होतो तसा.

"अप्पा," ती हळूच म्हणाली, "आई तर मला न्हाऊ घालायली की."

"कुटं?"

"ती बघा ना. तिच्या पुढ्यात मीच बसलीय…"

गुरुपादनं पहिल्यांदा मान उंच करून आडभिंतीपलीकडे पाहिलं. तिथं कुणी नव्हतं. वाफ होती, आणि वाफेतून पाण्याची एक धार खाली पडत होती. कुणाच्या हातातून पडते ते दिसत नव्हतं. पण ती धार सरळ दगडावर पडत नव्हती. मोरीच्या दगडापासून हात-दीड हातावर ती कशाला तरी अडत होती, तिथून फुटत होती, आणि दोन्ही अंगांनी ओघळत होती. एका लहान डोक्यावरून, दोन लहान खांद्यांवरून ओघळावी तशी.

"दार लावून घ्या," नीलम्माचा आवाज अगदी जवळून आला. "गार वारं यायलंय… पोरीला बाधंल."

गुरुपादचा हात दाराकडे गेला. त्यानं फळीला हात लावला, आणि तेवढ्यात त्याची नजर भिंतीवरच्या हिरव्या लुगड्यावर पडली. त्या लुगड्याच्या पदराला ओली माती लागली होती. ते लुगडं त्यानंच तिच्या अंगाभोवती गुंडाळलं होतं. मातीही त्यानंच लोटली होती.

हात तरी मागं येईना.

गल्लीच्या तोंडाशी काठी वाजली. "गुरुपादा," मल्लम्माचा धापा टाकणारा आवाज आला. ती ओरडत नव्हती. रोज जेवायला हाक मारायची तशीच मारत होती. "भाकरी झालीय बाबा. पोर उपाशी हाय. ये तिला घेऊन."

गुरुपादला एकदम भूक लागली. किती दिवसांत लागली नव्हती अशी, पोटात कळ यावी अशी भूक. त्यानं चन्नीला उचललं आणि तो मागं फिरला. मागून कुणी हाक मारली नाही. फक्त पाणी ओतल्याचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग पुन्हा सुरू झाला.

वेशीबाहेर उन्हात आल्यावर मल्लम्मानं नातीला जवळ घेतलं, तिच्या डोक्यावरून हात फिरवला, आणि हात तसाच ठेवला. चन्नीचे केस मुळापासून टोकापर्यंत ओले होते. त्यांत एकही गुंता नव्हता. संत्र्याच्या सालीचा वास येत होता. पोरगी उंबऱ्याच्या आत गेली नव्हती, हे गुरुपादनं डोळ्यांनी पाहिलं होतं.  पदरानं म्हातारीनं ते केस पुसले, पुसतच राहिली.

फाल्गुनात रोग हटला. घरांना गंधकाची धुरी दिली, भिंती सारवल्या आणि गाव परत आलं. चन्नीला साधा तापही आला नाही. गुरुपादनं घरात पाय टाकल्यावर पहिलं काम केलं ते मोरीचं. तिचं भोक दगड घालून, वरून चुना भरून त्यानं बंद केलं. अंघोळीला तो ओढ्यावर जाऊ लागला, आणि म्हातारी व पोरगी मन्मथअप्पाच्या घरी जाऊ लागल्या. का, ते मन्मथअप्पानं विचारलं नाही. हौदांचं काम गुरुपादनं सोडलं नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती ते द्यायची त्याची छाती नव्हती.

वर्षं गेली. मल्लम्मा गेली. चन्नीचं लग्न चुडाव्याच्या मल्लिकार्जुनाशी झालं. त्याचं स्टेशनाजवळ कापडाचं दुकान होतं, आणि माणूस सुस्वभावी होता. बारा वर्षांनी, निजामाच्या शेवटच्या उन्हाळ्यात, चन्नी पहिल्या बाळंतपणाला बापाकडे आली. आठवा महिना सरत आला होता. ती भाकरी थापायची, जुन्या गोष्टी विचारायची, पण त्या सोमवारची तिला आठवण नव्हती. गुरुपादनंही काढली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो जाळीपाशी वाकला होता. नालीतून थोडंसं पाणी आलं. फार नाही, दोन-तीन तांबे. त्याला डाळीच्या पिठाचा, तेलाचा आणि वेखंडाचा वास होता. तान्ह्या बाळाला न्हाऊ घातल्यावर मोरीतून जातं ते पाणी.

गावात त्या महिन्यात कुणाच्याच घरी पाळणा हलला नव्हता.

गुरुपाद नालीच्या काठानं वर गेला. प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी वाकून वास घेत गेला. ओल त्याच्या स्वतःच्या घराच्या भिंतीपाशी संपत होती. बाहेरचा दगड आणि चुना जागच्या जागी होता. चुन्यातून पाणी पाझरत होतं.

आत चन्नी भिंतीला टेकून बसली होती. "अप्पा," ती म्हणाली, "आज लय हलकं वाटायलंय. सकाळपासून पोटात हललंच न्हाई."

 त्यानं गावातल्या बन्सीधर गाडीवानाची बैलगाडी मागून आणली, आत गवत अंथरलं आणि तिला बसवलं. ते दिवस धामधुमीचे होते, रस्त्यांवर रझाकारांची भीती होती, आणि बन्सीधर "उद्या बघू" म्हणत होता. गुरुपादनं त्याच्यापुढं हात जोडले. गाडी निघाली. वेस गेली, हौद गेले, ओढा गेला. गुरुपाद गाडीबरोबर पायी चालत होता, आणि दर थोड्या वेळानं लेकीच्या तोंडाकडे बघत होता. वाघजळची शीव ओलांडून कोसभर झालं असेल.

"अप्पा," चन्नीनं पोटावर हात ठेवला. "हलायलंय."

चुडाव्याला पोहोचल्यावर तिसऱ्या आठवड्यात तिला मुलगी झाली. दोघी सुखरूप होत्या. गुरुपाद बाहेर ओट्यावर बसला होता. नर्मदाबाई सुईण हात पुसत बाहेर आली. चाळीस वर्षं तिनं हेच काम केलं होतं. तिनं मुलगी झाल्याचं सांगितलं, सगळं नीट झाल्याचं सांगितलं, आणि तरी ती तिथंच घुटमळत राहिली.

"काय झालं, बाई?" गुरुपादनं विचारलं.

"काय न्हाई, अप्पा. लेकरू चांगलं हाय." ती थोडी थांबली. "पर मी इतकी बाळंतपणं केली… असं कवा पाह्यलं न्हाई. अंगाला एक डाग न्हाई. मी न्हाऊ घालायच्या आधीच पोर न्हालेली होती."

आणि तिनं करंगळीचं टोक त्याच्यापुढं धरलं. बाळाच्या कानामागून तिनं काहीतरी काढलं होतं. वाळलेल्या डाळीच्या पिठाचा एक कण.